मिथटीव्ही

मिथटीव्ही हे घरगुती संगणकावर दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण पाहण्यासाठी, त्याचे ध्वनिचित्रमुद्रण म्हणजेच रेकॉर्डिंग करण्यासाठी आणि मुद्रित कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी वापरले जाणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. आयझॅक रिचर्ड्स यांनी २००२ साली त्याचा विकास सुरू केला. ते सी++ या भाषेत लिहिलेले असून मुख्यतः लिनक्स या कार्यकारी प्रणालीवर चालते. जीएनयू जनरल पब्लिक लायसन्सखाली ते विनामूल्य उपलब्ध आहे व जगभरातील स्वयंसेवक त्याची देखभाल करतात. संगणकाला योग्य ट्यूनर आणि पुरेशी साठवणक्षमता जोडल्यास मिथटीव्हीमुळे त्याचे रूपांतर डिजिटल व्हिडिओ मुद्रकात होते. मात्र मुद्रण करणारे यंत्र पूर्णपणे प्रेक्षकाच्या मालकीचे असले, तरी संकेत आणि कार्यक्रमांचे वेळापत्रक इतरांच्या हाती असते. मिथटीव्हीच्या वाटचालीवर या परिस्थितीचा मोठा प्रभाव पडला आहे.

पार्श्वभूमी

घरच्या घरी दूरचित्रवाणी कार्यक्रम मुद्रित करण्याची सोय व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरमुळे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. सोनी कंपनीचा बीटामॅक्स १९७५ साली आणि त्याचा प्रतिस्पर्धी व्हीएचएस १९७६ साली बाजारात आला. अशा मुद्रणाला चित्रपटनिर्मात्या कंपन्यांनी अमेरिकेत न्यायालयात आव्हान दिले. ‘सोनी कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका विरुद्ध युनिव्हर्सल सिटी स्टुडिओज’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने निकाल दिला. कार्यक्रम नंतर पाहता यावा एवढ्यासाठी घरी केलेले मुद्रण हा प्रताधिकाराचा भंग नसून न्याय्य वापर आहे, असे न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रात म्हटले होते.

१९९९ साली टिवो आणि रिप्लेटीव्ही हे हार्ड डिस्कवर मुद्रण करणारे संच अमेरिकेत विक्रीस आले. थेट प्रक्षेपण मध्येच थांबवणे, मागे नेणे आणि मालिकेचे सर्व भाग आपोआप मुद्रित करणे या सोयी त्यांनी रूढ केल्या. परंतु संचात कोणती सोय असावी, याचा निर्णय उत्पादकाकडे राहिला. जाहिराती आपोआप वगळण्याच्या सोयीवरून २००१ साली रिप्लेटीव्हीच्या मालक कंपनीवर दावे दाखल झाले. २००३ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुढील मालकाने नव्या संचांतून ही सोय काढून टाकली.

इतिहास

केबल कंपनीने दिलेल्या सेट-टॉप बॉक्सविषयीच्या असमाधानातून रिचर्ड्स यांनी मिथटीव्हीच्या निर्मितीला सुरुवात केली. वाहिनी बदलण्यास लागणारा वेळ, पडद्यावरील जाहिराती आणि निरुपयोगी कार्यक्रमसूची या त्यांच्या प्रमुख तक्रारी होत्या. तयार संच विकत घेण्याऐवजी दूरचित्रवाणी, संगीत, खेळ आणि आंतरजाल यांना एकत्र आणणारे यंत्र बनवण्याचा त्यांचा मानस होता. अशा सर्वसमावेशक यंत्राची चर्चा त्या काळी बरीच होई, पण ते प्रत्यक्षात कोठे दिसत नसे. या ‘मिथकासारख्या’ यंत्रावरूनच सॉफ्टवेअरला मिथटीव्ही हे नाव मिळाले.

सुरुवातीच्या काळात लिनक्स, ट्यूनरची चालक आज्ञावली, विदागार आणि मिथटीव्ही यांची जुळणी वापरकर्त्याला स्वतः करावी लागे. हे काम सोपे व्हावे म्हणून नॉपमिथ आणि पुढे मिथबंटू ही तयार वितरणे निघाली. त्यांपैकी मिथबंटूचा विकास २०१६ साली थांबला.

रचना

मिथटीव्हीचे दोन मुख्य भाग आहेत. पार्श्वभागी चालणारा ‘बॅकएंड’ ट्यूनर हाताळतो, मुद्रण करतो आणि फायली साठवतो. ‘फ्रंटएंड’ हा पडद्यावर दिसणारा भाग असून प्रेक्षक रिमोट किंवा कळफलकाच्या साहाय्याने तो वापरतो. दोन्ही भाग एकाच संगणकावर चालू शकतात. त्याचप्रमाणे बॅकएंड माळ्यावरील एखाद्या संगणकावर ठेवून घरातील अनेक खोल्यांतील फ्रंटएंड स्थानिक जालाद्वारे त्याला जोडता येतात. एका खोलीत अर्धवट सोडलेला कार्यक्रम दुसऱ्या खोलीत तेथूनच पुढे पाहता येतो. वाहिन्या, वेळापत्रक, मुद्रणाचे नियम आणि मुद्रित फायलींची माहिती मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या विदागारात ठेवली जाते.

थेट प्रक्षेपणही आधी हार्ड डिस्कवर लिहिले जाते आणि तेथून वाचून पडद्यावर दाखवले जाते. त्यामुळे प्रेक्षकाला दिसणारे दृश्य प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या किंचित मागे असते आणि वाहिनी बदलल्यावर काही क्षण थांबावे लागते. प्रक्षेपण थांबवण्याची किंवा मागे नेण्याची सोय याच पद्धतीमुळे मिळते.

ग्रहण व मुद्रण

अॅनालॉग प्रक्षेपणाच्या काळात ट्यूनर कार्डाकडून येणारे चित्र संगणकाला स्वतः संक्षेपित करावे लागे. ७२० × ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे असंक्षेपित चित्र साठवण्यासाठी प्रत्येक बिंदूला २ बाइट धरल्यास सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट जागा लागते. तत्कालीन हार्ड डिस्कवर एवढी माहिती ठेवणे अव्यवहार्य होते आणि तिचे तत्क्षणी संक्षेपण करताना संगणकाच्या प्रक्रियकावर मोठा भार पडे. हॉपॉज कंपनीच्या पीव्हीआर-२५० सारख्या कार्डांवर एमपेग-२ संक्षेपणाची स्वतंत्र चिप असल्याने हा भार कमी झाला आणि तुलनेने जुना संगणकही मुद्रणासाठी पुरेसा ठरू लागला.

डिजिटल प्रक्षेपणात कार्यक्रम संक्षेपित स्वरूपातच येतो. त्यामुळे ट्यूनरकडून आलेला प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिणे एवढेच काम उरते आणि मुद्रणात चित्राचा दर्जा घटत नाही. अमेरिकेतील एटीएससी प्रक्षेपणाचा कमाल वेग सेकंदाला १९.३९ मेगाबिट आहे. या वेगाने एका तासाच्या मुद्रणास सुमारे ८.७ गिगाबाइट जागा लागते. एका डिजिटल वहनप्रवाहात अनेक वाहिन्या असतात. मार्च २००८ मधील ०.२१ या आवृत्तीपासून अशा एकाच प्रवाहातील अनेक वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी मुद्रित करता येऊ लागल्या.

वेळापत्रक व मुद्रणाचे नियोजन

मिथटीव्हीमध्ये प्रेक्षक वेळेऐवजी कार्यक्रम निवडतो. ‘या मालिकेचे सर्व भाग मुद्रित करावेत’ असा नियम दिला की येत्या दिवसांच्या वेळापत्रकात ती मालिका कोठे आहे, हे नियोजक शोधतो. एकाच वेळी दोन कार्यक्रम असून ट्यूनर एकच असेल, तर प्रेक्षकाने ठरवलेला प्राधान्यक्रम पाहिला जातो. उदाहरणार्थ, रात्री आठ वाजता दोन वाहिन्यांवर हवे असलेले कार्यक्रम असतील आणि त्यांपैकी एकाचे पुनःप्रक्षेपण मध्यरात्रीनंतर होणार असेल, तर नियोजक दुसरा कार्यक्रम आठ वाजता व पहिला पुनःप्रक्षेपणाच्या वेळी मुद्रित करतो. कार्यक्रमाचे नाव, भागाचे शीर्षक आणि वर्णन यांची तुलना करून तोच भाग पुन्हा मुद्रित करणे टाळले जाते. जागा संपू लागल्यास, प्रेक्षकाने राखून ठेवलेले कार्यक्रम वगळता जुनी मुद्रणे आपोआप पुसली जातात.

या नियोजनाची सारी भिस्त अचूक वेळापत्रकावर असते. काही देशांत ते प्रक्षेपणाबरोबरच मिळते, तर इतरत्र आंतरजालावरून घ्यावे लागते. उत्तर अमेरिकेतील वापरकर्त्यांना ट्रिब्यून मीडिया सर्व्हिसेस या कंपनीच्या झॅप-टू-इट लॅब्स या सेवेकडून ते विनामूल्य मिळत असे. ही सेवा १ सप्टेंबर २००७ पासून बंद होणार असल्याचे त्या वर्षीच्या जून महिन्यात जाहीर झाले. सॉफ्टवेअर विनामूल्य राहूनही ते निरुपयोगी होण्याची शक्यता निर्माण झाली. तेव्हा मिथटीव्ही व तत्सम प्रकल्पांच्या विकासकांनी शेड्यूल्स डायरेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन केली. कंपनीकडून माहितीचा परवाना घेऊन सभासदांना वर्गणीच्या मोबदल्यात वेळापत्रक देण्याची व्यवस्था या संस्थेने उभी केली.

जाहिराती ओळखणे

मुद्रित कार्यक्रमातील जाहिरातींच्या जागा शोधण्याची सोय मिथटीव्हीमध्ये आहे. दोन दृश्यांमधील काळ्या चौकटी, दृश्यांमधील आकस्मिक बदल आणि पडद्याच्या कोपऱ्यातील वाहिनीच्या बोधचिन्हाचे असणे-नसणे यांवरून हे अनुमान केले जाते. जाहिरातींच्या वेळी बोधचिन्ह हटवणाऱ्या वाहिन्यांवर हे अनुमान अधिक विश्वसनीय ठरते. ते चुकण्याची शक्यता असल्याने जाहिराती फाइलमधून थेट कापल्या जात नाहीत, केवळ त्यांच्या जागा नोंदवल्या जातात. त्या जागी पुढे उडी मारायची की नाही, हे प्रेक्षक ठरवतो.

कायदा, प्रसारणध्वज आणि कूटबद्धता

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नोव्हेंबर २००३ मध्ये ‘प्रसारणध्वज’ हा नियम स्वीकारला. डिजिटल प्रक्षेपणात पुनर्वितरणास मनाई करणारी खूण असल्यास ग्राहक उपकरणांनी ती पाळावी, असे बंधन त्यात होते व १ जुलै २००५ पासून ते लागू होणार होते. ज्याची आज्ञावली कोणालाही बदलता येते, अशा मुक्त-स्रोत मुद्रकाला ही अट पाळणे शक्य नव्हते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने मुदतीपूर्वीच पीसीएचडीटीव्ही कार्ड आणि मिथटीव्ही वापरून स्वतःचा मुद्रक तयार करण्याचे आवाहन नागरिकांना केले. दरम्यान अमेरिकन लायब्ररी असोसिएशन व इतर संघटनांनी नियमाला न्यायालयात आव्हान दिले होते. प्रक्षेपणाचे ग्रहण पूर्ण झाल्यावर उपकरणाने काय करावे, हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला नाही, असा निर्णय कोलंबिया जिल्हा परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ६ मे २००५ रोजी दिला आणि नियम रद्द झाला.

मुक्त प्रक्षेपणापुरता हा प्रश्न सुटला असला, तरी केबल व उपग्रहसेवेतील कूटबद्ध वाहिन्यांना हा निर्णय उपयोगी नव्हता. अशा वाहिन्या उलगडण्याची किल्ली सेवापुरवठादाराच्या संचात असते. यावर एक मार्ग म्हणजे सेट-टॉप बॉक्समधून बाहेर येणारे अॅनालॉग चित्र पुन्हा संक्षेपित करून मुद्रित करणे. २००८ साली आलेले हॉपॉजचे एचडी-पीव्हीआर हे उपकरण त्यासाठी वापरले जाई. बॉक्सवरील वाहिनी बदलण्यासाठी संगणकाला जोडलेला अवरक्त दिवा रिमोटप्रमाणे संकेत सोडत असे.

भारतातील वापर

भारतात अॅनालॉग केबलच्या काळात घरात आलेली केबल थेट संगणकाच्या ट्यूनर कार्डाला जोडता येत असे. केबल दूरचित्रवाणी जाळे कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीनंतर डिजिटल प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. पहिल्या टप्प्यातील मुंबई व दिल्लीसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. पुणे आणि नागपूर दुसऱ्या टप्प्यात होते व त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली. कूटबद्ध संकेत आणि प्रत्येक दूरचित्रवाणी संचासाठी सेट-टॉप बॉक्स ही नवी पद्धत आल्यावर साध्या ट्यूनर कार्डाचा केबलसाठी उपयोग राहिला नाही.

प्रसार भारतीची विनाशुल्क उपग्रहसेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली व पुढे डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यावरील कूटबद्ध नसलेल्या वाहिन्या संगणकातील उपग्रह ट्यूनरवर घेता येतात. दूरदर्शनची मराठी वाहिनी डीडी सह्याद्री या सेवेवर उपलब्ध आहे.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३९ नुसार, मुद्रण करणाऱ्या व्यक्तीच्या खाजगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले ध्वनी अथवा दृश्य मुद्रण हा प्रसारण पुनरुत्पादन हक्काचा भंग मानला जात नाही. कलम ५२ मध्येही खाजगी वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला अपवाद आहे. मुद्रित कार्यक्रमाची विक्री किंवा सार्वजनिक वितरण करण्याची मुभा या तरतुदींमुळे मिळत नाही.

मर्यादा

मिथटीव्हीची प्राथमिक मांडणी नवख्या वापरकर्त्याला अवघड जाते. ट्यूनर, विदागार, वाहिन्यांची यादी आणि वेळापत्रक हे सर्व जुळल्याखेरीज प्रणाली उपयोगी पडत नाही. मुद्रणाच्या वेळी संगणक चालू असणे आवश्यक असते. नियोजित वेळी त्याला आपोआप जागे करण्याची सोय करता येते, परंतु वीज गेल्यास किंवा कार्यक्रम वेळापत्रकापेक्षा लांबल्यास मुद्रण अपुरे राहू शकते. दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणून मुद्रण काही मिनिटे आधी सुरू करण्याची आणि काही मिनिटे उशिरा संपवण्याची तरतूद आहे.

आंतरजालावरील मागणीनुसार चित्रसेवांमुळे कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी मुद्रणाची गरज कमी झाली आहे. मात्र अशा सेवेवरील कार्यक्रम परवान्याची मुदत संपल्यावर काढून घेतला जाऊ शकतो. प्रेक्षकाने स्वतःच्या हार्ड डिस्कवर मुद्रित केलेली प्रत तो स्वतः पुसेपर्यंत किंवा डिस्क निकामी होईपर्यंत त्याच्याकडे राहते.