हृदयारोपण : परळ ते मुलुंड

मुंबईच्या शल्यविद्येच्या इतिहासात १६ फेब्रुवारी १९६८ या दिवसाची नोंद बहुधा पहिलेपणाच्या मानापुरतीच घेतली जाते. त्या दिवशी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. केपटाऊन येथील बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेस तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. जगातील हे सहावे हृदयारोपण असून ते करणारे सेन हे चौथे शल्यविशारद होत. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील दुसरा रुग्ण सुमारे चौदा तास. एवढ्यावरून हे कार्य अपयशाच्या खात्यावर टाकण्याची जी प्रथा पडली आहे, ती इतिहासदृष्ट्या फारशी समाधानकारक नाही.

सेन (१९१५-१९८२) यांचा जन्म कलकत्त्याचा, बालपण नागपूरचे. ज्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले व पुढे प्राध्यापक झाले, त्याच्या देणगीची अटच अशी होती की, तेथील अध्यापक भारतीयच असावेत. स्वतंत्र भारतात संशोधन करणारा शल्यविभाग उभा राहू शकतो, हे दाखविण्याची ईर्षा त्या वास्तूतच होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १९४९ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रॅव्हडिन यांच्या हाताखाली काम करून सेन परतले. १९५२ मध्ये संधिवाती ज्वराने आकुंचित झालेली हृदयाची झडप उघडण्याची आणि १९५६ मध्ये शरीर थंड करून उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया त्यांनी केली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू आतील पोकळीतूनच थेट रक्त घेतो, या निरीक्षणावरून हृदयस्नायूस सूक्ष्म छिद्रे पाडण्याची त्यांची कल्पना १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला पुढे लेसरच्या युगात नवा अवतार मिळाला. हृदयारोपणापूर्वी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग झाले होते. अर्थात ते कोणाच्या अनुकरणाने घाईने केलेले धाडस नव्हते.

मग उणे कोठे पडले? हात कमी पडला नाही. फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध नव्या हृदयाच्या उजव्या कप्प्यास पेलला नाही. असा रोध आधी मोजून रुग्ण निवडणे, आणि नंतर औषधांनी व यंत्रांनी त्या कप्प्यास आधार देणे, हे सारे अतिदक्षता-चिकित्सेचे क्षेत्र. आणि ते तेव्हा जगभरच बाल्यावस्थेत होते. सायक्लोस्पोरिन उपलब्ध होण्यास अजून एक तप उलटायचे होते. त्यामुळे अनेक पाश्चात्त्य केंद्रांनीही दोन-तीन वर्षांत हे काम थांबविले.

दुसरी अडचण कायद्याची. मेंदूच्या मृत्यूची हार्वर्ड समितीची व्याख्या ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे परळच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात साप्पोरो येथे वाडा यांनी केलेल्या हृदयारोपणावरून त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली, आणि जपानात पुढचे हृदयारोपण १९९९ पर्यंत झाले नाही. भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ साली संमत झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत वेणुगोपाल यांनी केलेले हृदयारोपण यशस्वी झाले.

मुंबईस मात्र आणखी एकवीस वर्षे थांबावे लागले. ३ ऑगस्ट २०१५ रोजी मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने हृदयारोपण केले व रुग्ण घरी परतला. ते हृदय पुण्याहून विमानाने आले, आणि विमानतळापासून मुलुंडपर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा ठेवला होता. तोपर्यंत दाता मेंदूने मृत आहे याचा दाखला वैद्यकांनी कायद्यानुसार दिलेला होता, आणि अतिदक्षता कक्षातील श्वसनयंत्राच्या आधारावर त्याचे हृदय चालू होते.