शकुंतलेला छप्पर हवं

खामगावहून आगगाडीनं निघायचं म्हणजे आधी जलंब गाठायचं. मुंबई-नागपूरचा मोठा मार्ग जलंबवरून जातो आणि तिथून तेराएक किलोमीटरांचा एक फाटा खामगावात येऊन संपतो. मोठी लाइन आपल्या गावातूनच का नाही नेली, असं मी शाळेत असताना आजोबांना विचारलं होतं. आजोबा जिनात मुनीम. त्यांचं कुठलंही उत्तर कापसापासून सुरू होई. "गाडी मानसासाठी नव्हती आली बाई, कापसासाठी आली. मानसं मंग बसली."

पुढे पुस्तकं वाचली तेव्हा आजोबांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, पण खामगाव तिच्या रुळांपासून आठ मैल बाजूला राहिलं होतं. आणि खामगाव म्हणजे त्या काळी वऱ्हाडातल्या सर्वांत मोठ्या कापूस बाजारांपैकी एक. बंड्यांच्या रांगा जलंबपर्यंत रखडत ठेवणं व्यापाराला परवडणारं नव्हतं. म्हणून हा फाटा टाकला गेला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः तो खुला करायला खामगावला आला.

आजोबांच्या आजोबांनी म्हणे तो सोहळा पाहिला होता. आमच्या घरात त्याची एकच गोष्ट उरली आहे: लाटसाहेब गाडीतून उतरला आणि त्याचे चकचकीत बूट सरकीत रुतले. लोकांना हसू आलं, पण हसायची छाती कुणाची? गोष्ट सांगून झाली की आजोबा हमखास जोडत, "अन् दोन सालात मेला तो." तेही खरं आहे. 8 फेब्रुवारी 1872 रोजी अंदमानात शेर अली आफ्रिदीनं मेयोला ठार केलं. तारीख सरकारी कागदानं जपली, बूट आमच्या घरानं जपले. पण त्या पहिल्या गाडीचे डबे कसे होते, बाकं कुठल्या लाकडाची होती, तिसऱ्या वर्गात माणसं बसत की उभी राहत, हे दाखवणारी एखादी फळीसुद्धा आमच्या गावात नाही. इतिहास कापसाचा, गाव कापसाचं, आणि ज्या गाडीनं तो कापूस वाहिला तिचं एक चाकही आमच्या लेकरांना दाखवायला नाही. ही गोष्ट मला लागते, आणि म्हणूनच शेजारच्या जिल्ह्यांतल्या शकुंतला या छोट्या गाडीबद्दल मी लिहिते आहे. तिथं अजून वेळ गेलेली नाही.

आमच्या आत्याचं सासर अंजनगावचं, पानमळ्यांच्या गावचं. तिच्याकडे जायचं म्हणजे खामगाव ते जलंब, जलंबहून पॅसेंजर, शेगाव आलं की डब्यातल्या साऱ्यांनी मंदिराच्या दिशेनं हात जोडायचे, मग अकोला, मग मूर्तिजापूर. मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून पलीकडच्या फलाटावर गेलं की गाडीचा आकारच बदले. अडीच फूट रुंदीचे रूळ, बसक्या छपराचे डबे. हीच शकुंतला. एक शाखा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाई, 113 किलोमीटर. दुसरी दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, 76 किलोमीटर. आत्याची सासू म्हणायची की लग्नाचं वऱ्हाड मागे राहिलं तर गार्डसाहेब गाडी थांबवत. खरंखोटं ती जाणे. पण गार्डच तिकिटं देई, सिग्नलही सांभाळे, इंजिन सोडणं-जोडणंही गाडीवरचीच माणसं करत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आजोबा तिला 'विलायतेतल्या मालकाची गाडी' म्हणत. त्यातही तथ्य होतं. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनं 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि कापूस मुख्य मार्गावर आणायला या शाखा चालवल्या. गाड्या चालवायचं काम कराराने जीआयपी रेल्वेकडे गेलं. स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन त्यातून बाहेर राहिली आणि गाडी सरकारी, रूळ कंपनीचे, असा प्रकार कित्येक दशकं चालू राहिला. मालकीच्या या गुंत्यानं लाइनीचं फार नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याची वस्तू त्याचं लक्ष नाही, आणि ज्याच्या हाती वस्तू त्याची ती नाही.

पण शकुंतलेची खरी गोष्ट मला सांगितली ती माझ्या मोठ्या मामांनी. मामा मूर्तिजापूरच्या शेडमध्ये आधी क्लीनर, मग फायरमन. त्या काळी रेल्वेतला रस्ता असाच होता. आधी इंजिन पुसायचं, मग त्यात कोळसा घालायचा, आणि पंधरा-वीस वर्षांनी नशीब असेल तर ते हाकायचं. मँचेस्टरला 1921 मध्ये घडवलेलं झेडी जातीचं इंजिन त्यांच्या हाताखालून गेलं होतं. त्याच्याविषयी ते घरच्या म्हाताऱ्या माणसाविषयी बोलावं तसं बोलत. काय खातं, कधी रुसतं, कुठल्या चढावर दम लागतो.

एकदा मी विचारलं, मामा, इंजिनात सगळ्यात अवघड काय? मला वाटलं होतं, आग. ते म्हणाले, "पानी."

हे उत्तर समजायला पूर्णेचं खोरं माहीत हवं. बुलडाणा, अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. दर्यापूर, मूर्तिजापूरही त्याच पट्ट्यात. आमच्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि मूत्रपिंडाच्या आजारानं घरंच्या घरं पिडलेली आहेत. तसलं पाणी बॉयलरमध्ये गेलं की काय होतं ते मामा हातवारे करून सांगत. "पानी उकयलं का फेस येते. फेस वाफेसंगं सिलिंडरात गेला का इंजिन ठसकते. जास्त झालं तं सिलिंडरचं झाकन फोडते." वर क्षार नळ्यांवर थर धरतात, थर जाड झाला की आगीची ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही, कोळसा जळत राहतो आणि वाफ काही बनत नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी बॉयलर गार करायचा, प्लग उघडायचे, आत नळानं जोराचं पाणी मारायचं आणि सळीनं खपल्या खरवडायच्या. गेज ग्लासमधली पाण्याची रेघ खाली गेली तर आगीच्या पेटीवरचं छत उघडं पडतं, तिथला शिशाचा प्लग वितळतो आणि वाफ आगीवर येते. तो प्लग वितळू देणं म्हणजे फायरमनच्या नावाला कायमचा बट्टा. मामांच्या नोकरीत तो कधी वितळला नाही. हे ते पेन्शनच्या आकड्यापेक्षा जास्त अभिमानानं सांगत.

15 एप्रिल 1994 रोजी शकुंतलेचं वाफेचं इंजिन निवृत्त झालं आणि डिझेल आलं. मामा त्याबद्दल तक्रार करत नसत. डिझेलला खारं पाणी लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पुढे गेल्या दशकात एकेक करून दोन्ही शाखांवरची गाडीही थांबली. 2016 मध्ये ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. गाडी परत सुरू व्हावी म्हणून अचलपूरकडच्या लोकांनी आंदोलनंही केली. लोकांची मागणी रास्त आहे. शेतकऱ्याला, पोरीबाळींना, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्याला स्वस्त गाडी हवी. पण ब्रॉडगेज आलं की अडीच फुटी रूळ उखडले जाणार, आणि त्या रुळांवरच चालू शकणारे डबे भंगारच्या तराजूवर चढणार.

भंगारात काय जातं आणि नंतर काय करावं लागतं, याचं उदाहरण मुंबईनं घालून दिलेलं आहे. मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये विजेची आली, 1920 मध्ये दुमजली धावू लागली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची फेरी झाली. नव्वद वर्षं शहराला वाहणारी गाडी. काही वर्षांपूर्वी बेस्टला लोकांना दाखवण्यासाठी ट्राम हवी होती, तेव्हा ती कोलकात्याहून आणावी लागली. ती आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या भाटिया बागेत ठेवलेली आहे. बेस्टनं ती आणली हे चांगलंच केलं, निदान पोरांना ट्राम कशी असते ते कळलं. पण मुंबईच्या आठवणीसाठी कोलकात्याची गाडी आणावी लागली, याचं दुःख कुणालाही व्हावं.

उलट उदाहरणंही आपल्याच राज्यातल्या गाड्यांची आहेत. माथेरानच्या डोंगरावर 1907 पासून चढणाऱ्या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिन आणि तिची रेलकार दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात नीट जपलेली आहे. नागपूरला मोतीबागेत, बंगाल-नागपूर रेल्वेच्या जुन्या आवारात, 14 डिसेंबर 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय उभं आहे. सातपुड्यातल्या छोट्या गाड्या एकेक करून बंद झाल्या, नागपूर-नागभीड तर 2019 मध्ये, पण इंजिनं, डबे, दिवे, घंटा, तिकिटांची यंत्रं तिथं पाहता येतात. शकुंतलेचे आणि त्या गाड्यांचे रूळ एकाच मापाचे, 762 मिलिमीटरचे. म्हणजे शकुंतलेचा एखादा डबा मोतीबागेत नेऊन ठेवला तर तो तिथल्या रुळांवर उभा राहू शकतो. बार्शी लाइट रेल्वेचंही माप हेच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपनं 1897 मध्ये ती सुरू करताना एकाही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू दिला नाही, त्यामुळे हलक्या, स्वस्त रुळांवर जड माल जाऊ शकला. गरीब मुलखाला परवडेल अशी रेल्वे कशी बांधावी याची ती शिकवण होती, आणि शकुंतला त्याच घराण्यातली.

जतन म्हणजे चौथरा बांधून त्यावर इंजिन चढवणं आणि दर वर्षी रंग फासणं, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. एका स्टेशनाबाहेर मी असं इंजिन पाहिलं. वरून काळंभोर आणि बफरला लाल पट्टा. मामा जवळ गेले, धुराडीच्या डब्याचं दार ओढलं आणि आत हात घालून ओली राख बाहेर काढली. "हे पाह्य. राखेत पानी गेलं का आंबट होते, लोखंड खाऊन टाकते." धुराडीवर साधं झाकण नव्हतं. बॉयलरभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातही पाणी साठतं, आतून गंज लागतो आणि बाहेरचा रंग मात्र छान दिसत राहतो. लाकडी डब्याचं तर याहून लवकर होतं. छपराला एक चीर पडली की पाणी खिडकीखालच्या चौकटीत उतरतं, खालचं लाकूड कुजतं आणि एक दिवस सारा डबा चेसिसवर बसतो.

म्हणून पहिलं काम छपराचं. रंग, पाटी, बाग, सेल्फीची जागा, हे सारं नंतर. डब्याचा जुना रंग खरवडून टाकण्याआधी एका कोपऱ्यात थरावर थर मोकळे करून कुठल्या काळात कुठला रंग होता ते नोंदवावं. चाकं अधूनमधून फिरवावीत, ग्रीस भरावं. बदललेला भाग फेकू नये, चिठ्ठी लावून ठेवावा. आणि इंजिनाशेजारी, ते कसं चालवत होते हे चालवणाऱ्याच्याच आवाजात ऐकू यावं. लोखंड पाहून कुणालाही कळणार नाही की या इंजिनाचा वैरी खारपाणपट्ट्याचं पाणी होतं.

काही जण सुचवतात की एखादा डबा शेगावला ठेवा, लाखो भाविक येतात, पाहतील. मला ते पटत नाही. शेगावला लोक महाराजांच्या दर्शनाला येतात, आणि शकुंतला कधी शेगावला गेलीच नाही. जिथून दोन्ही शाखा फुटायच्या, जिथं मामांसारख्या माणसांनी उमेदीची वर्षं घातली, त्या मूर्तिजापूरलाच तिची जागा आहे. एखादा डबा नागपूरला जावा, बाकीचं तिथंच राहावं. आमच्या बुलडाणा जिल्ह्याची जालना-खामगाव मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती लाइन झाली पाहिजे, त्यासाठी मीही सही केलेली आहे. पण नवी लाइन मागणाऱ्यानं जुनीची काळजी करू नये असं कुठं आहे?

1994 च्या त्या एप्रिलमध्ये तिशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून गेला आहे. त्याच्या वरचे बरेचसे ड्रायव्हर गेलेही. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर इथं ज्यांच्या घरात रेल्वेतलं कुणी होतं त्यांनी माळ्यावरचा हातदिवा, शिट्टी, बिल्ला, जुनं पुठ्ठ्याचं तिकीट रद्दीत घालू नये. फोटोच्या मागे माणसांची नावं लिहावीत. घरात म्हातारं माणूस असेल तर फोन समोर ठेवून त्याला बोलू द्यावं, तारखा चुकल्या तरी चालतील, त्या कागदांत सापडतात. आणि रेल्वेकडे एकच मागणं आहे: ब्रॉडगेजचा पहिला मुरूम पडण्याआधी शकुंतलेचे दोन डबे बाजूला काढा आणि मूर्तिजापूरला त्यांच्यावर पत्र्याचं छप्पर घाला.