एक शब्द, दोन वाचकवर्ग

उपरोध ऐकणाऱ्याच्या पूर्वज्ञानावर उभा असतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. मात्र लिहिणाऱ्याने एक वाचकवर्ग मनात धरावा आणि जाब दुसऱ्याच वाचकवर्गाने विचारावा, ही अवस्था आपल्या राजकारणात ठळकपणे दिसली ती सप्टेंबर २००९ मध्ये.

शशी थरूर त्याच वर्षी मे महिन्यात तिरुअनंतपुरममधून लोकसभेवर निवडून आले आणि परराष्ट्र राज्यमंत्री झाले. ट्विटरवर ते नियमित लिहीत. सरकारने तेव्हा काटकसरीचे धोरण आखले होते. थरूर यांनाही पंचतारांकित हॉटेलातील मुक्काम सोडावा लागला होता. केरळचा पुढचा विमानप्रवास ‘कॅटल क्लास’ने करणार काय, असे एका पत्रकाराने ट्विटरवर विचारले. थरूर यांनी तोच शब्द उचलला आणि आपल्या साऱ्या ‘होली काऊज’शी एकजूट म्हणून तसाच प्रवास करू, असे उत्तर दिले.

इंग्रजीत ‘कॅटल क्लास’ म्हणजे विमानातील दाटीवाटीचा स्वस्त वर्ग, तर ‘होली काऊ’ म्हणजे ज्यावर टीका करण्याची सोय नाही अशी गोष्ट. परंतु वृत्तपत्रांतून हे वाक्य भारतीय भाषांत उतरले, तेव्हा प्रवासी गुरे ठरले आणि ‘पवित्र गायीं’त अनेकांना पक्षश्रेष्ठी दिसले. काँग्रेसने नापसंती जाहीर केली, राजीनाम्याची मागणी झाली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी तो विनोद असल्याचे म्हटले. थरूर यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि मलयाळममध्ये हे अधिक वाईट वाटते असे आपल्याला सांगण्यात आल्याचेही नमूद केले.

येथे अनुवादाने अर्थ बिघडवला, असे म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. रूढ झालेल्या शब्दप्रयोगातील उपमा बोलणाऱ्याला जाणवेनाशी होते. अनुवादाने ती पुन्हा जागी केली. स्वस्त वर्गातील माणसांना गुरांची उपमा मूळ इंग्रजीतही होतीच. शिवाय ज्यांना विमानाचे तिकीटच परवडत नव्हते, अशा मतदाराने ते वाक्य वाचले. त्याचे वाचन अडाणी म्हणता येणार नाही. ते वेगळ्या जागेवरून केलेले वाचन होते.

पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये निवडणूक आयोगाने उमेदवारांना आपल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती देणे बंधनकारक केले. खात्यांची नोंद झाली, खर्चाचा हिशेब आला. वाचकाची नोंद मात्र कोणालाच करता येत नाही. थरूर २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये तेथूनच पुन्हा निवडून आले. म्हणजे मतदाराने रागावूनही त्या एका वाक्यावरून कायमचा निवाडा केला नाही. समीक्षकाने त्याच्याकडून एवढा संयम शिकावा.