पाळी जाणे आणि पाळी घालवणे : एका औषधाचा इतिहास, जालन्यातून पाहताना

१/ जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, पलीकडे बीड. दसरा-दिवाळी आटोपली की दोन्ही तीरांवरची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मंठा-घनसावंगीकडच्या बायकांच्या बोलण्यात ‘पिशवी काढली’ हे शब्द जितक्या सहजपणे येतात, तितक्या सहजपणे ‘रजोनिवृत्ती’ येत नाही. आजचा धागा या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी आणि त्या अंतरात हरवलेल्या एका औषधाविषयी आहे.

२/ सुश्रुतसंहितेने पाळी थांबण्याचे वय पन्नास सांगितले. आज भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवणे जवळजवळ थांबवतात. मग अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, हाडे ठिसूळ होत जाणे. कमी पडलेले संप्रेरक शुद्ध रूपात बाहेरून देणे शक्य झाले ते १९२९ नंतर. त्या वर्षी डॉइझी आणि बुटेनान्ट या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे गर्भवतींच्या मूत्रातून इस्ट्रोन वेगळे केले. १९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ ही गोळी आली. ती गाभण घोडीच्या मूत्रापासून बनत असे, आणि तिचे नावही त्याच इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेले!

३/ १९६६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्तीला थेट रोग ठरवले. गोळीचा खप वाढला. पुस्तकाचा खर्च औषध कंपनीने उचलला होता, हे पुढे त्यांच्या मुलानेच सांगितले. १९७५ मध्ये दोन शोधनिबंधांनी दाखवले, की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. उपाय निघाला : ज्यांना गर्भाशय आहे, त्यांना जोडीला प्रोजेस्टिनही द्यायचे.

४/ मग आला जुलै २००२. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी मुदतीआधी थांबली. ‘स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ’ ही बातमी जगभर गेली आणि लाखो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. आकडा खोटा नव्हता, पण टक्केवारी फसवी असते. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींऐवजी ३८ जणींना कर्करोग झाला. पक्षाघात २१ वरून २९ वर गेला. उलट खुब्याचे हाड मोडणे १५ वरून १० वर आले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय होते ६३. वाफांनी हैराण झालेल्या पन्नाशीच्या बाईचे उत्तर साठी ओलांडलेल्यांच्या शरीरात शोधले गेले होते. आता साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, निरोगी स्त्रीच्या त्रासदायक लक्षणांसाठी, बहुधा लाभ जोखमीहून जास्त, असे तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास असेल, तर गोष्ट वेगळी.

५/ या चाचणीची दुसरी शाखा फारशी कुणाला आठवत नाही. तीत गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रिया होत्या. त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिले. ती २००४ मध्ये थांबली. पक्षाघात वाढला होता, पण स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता. हाडे कमी मोडली.

६/ आता गोदावरीकाठी परत येऊ. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींमागे एक. अनेकींचे वय चाळिशीच्या आत. फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पाळीच्या त्रासाने दिवस बुडाला की खाड्याचे पैसे कापले जातात. उचल तर आधीच घेतलेली. अंगावरून जाण्याच्या तक्रारीला कर्करोगाची भीती जोडली, की शस्त्रक्रिया हाच स्वस्त मार्ग वाटू लागतो. जालन्याकडची कुटुंबेही याच मुकादमी व्यवस्थेत फडावर जातात.

७/ पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर बत्तीस वर्षांच्या बाईला एका दिवसात रजोनिवृत्ती येते. ते ठेवले, तरी ती काही वर्षे आधी येण्याचा धोका असतोच. इथे २००२ चा हिशेब लागूच पडत नाही. ही बाई साठीच्या शरीरात ‘जास्तीचे’ संप्रेरक घालत नाही. निसर्गाने आणखी पंधरा वर्षे दिले असते, ते मागते आहे. हाडे आणि हृदय दोन्हींसाठी अशा स्त्रियांना, विशेष अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असे बहुतेक वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात. गर्भाशय नसल्याने प्रोजेस्टिनचीही सहसा गरज नसते. म्हणजे औषध सोपे, बाईची गरज सर्वांत मोठी, आणि वाद मात्र दुसऱ्याच बायकांचा.

८/ एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश राज्यांना दिले. ते पुढच्या पिशव्यांसाठी. ज्यांची आधीच गेली आहे, त्यांच्या डॉक्टरला सर्वांत आधी एकच माहिती लागते : बीजांडकोश ठेवले की काढले? तुमच्या घरात, गावात अशी मावशी-काकू असेल, तर तिचा दवाखान्यातला कागद तेवढा शोधून ठेवा.