फोनमधलं होकायंत्र का चुकतं? अलिबागची वेधशाळा आणि भूचुंबकत्वाची राष्ट्रीय संस्था

आधी माझीच फजिती सांगतो. मार्चमध्ये गावी, कंधारला गेलो होतो. काकांच्या शेतात सोलर पंप बसवायचं काम चाललं होतं. पॅनेलचं तोंड बरोबर दक्षिणेला हवं. "मी इंजिनिअर आहे ना," म्हणत मी फोनमधलं होकायंत्र उघडलं, दिशा सांगितली आणि त्याप्रमाणे पायाचे खड्डे चुन्यानं आखूनही झाले. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं.

संध्याकाळी काका बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "दिवस मावळायलाय तिकडं, अन् तुझा मोबाईल पश्चिम इकडं दाखवायलाय. ह्यातलं खरं कोण?"

सूर्यच खरा होता. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो जवळजवळ नेमका पश्चिमेला मावळतो. माझी दिशा तब्बल 35 अंशांनी चुकली होती. कारण? मी पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याला टेकून मोजत होतो. दहा पावलं लांब गेलो, तर फोन एकदम शहाण्यासारखा वागायला लागला.

फोनला उत्तर दिशा कळते कशी?

फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नावाचा छोटासा सेन्सर असतो. तो तीन दिशांनी चुंबकीय क्षेत्र मोजतो. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड फिरत असतं, त्यातून हे क्षेत्र तयार होतं. कंधारच्या परिसरात त्याची ताकद साधारण 43 मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे फारच कमी, फ्रिजला चिकटणारं चुंबकसुद्धा याच्या शेकडो पट ताकदवान असतं. म्हणून दुचाकी, लोखंडी पलंग, स्पीकर किंवा चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर जवळ आलं की सेन्सर गोंधळतो.

आणखी एक भानगड आहे. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर एकच नसतात. आपल्याकडे हा फरक एखाद्या अंशाच्या आसपासच आहे, पण जगात काही ठिकाणी तो खूप मोठा असतो. शिवाय तो दरवर्षी थोडा थोडा बदलतो. फोन हा फरक 'वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल' वापरून दुरुस्त करतो. हे मॉडेल सहसा दर पाच वर्षांनी नवं येतं. चुंबकीय उत्तर ध्रुव अंदाजापेक्षा जोरात सरकल्यामुळे 2019 मध्ये मात्र ते मुदतीआधीच सुधारावं लागलं.

असं मॉडेल बनवायला उपग्रह लागतात आणि वर्षानुवर्षं एकाच जागी मोजमाप करणाऱ्या वेधशाळाही लागतात. त्यातली एक आपल्या महाराष्ट्रात आहे.

कुलाब्यापासून अलिबागपर्यंत

1826 मध्ये मुंबईत कुलाबा वेधशाळा सुरू झाली. सुरुवातीचं काम ताऱ्यांचे वेध घेणं आणि जहाजांसाठी अचूक वेळ ठेवणं. 1841 पासून तिथं पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या वेधशाळेचं काम पाहिलं आहे, आणि गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रेही तिथं नोकरीला होते. पुढे 1896 मध्ये नानाभाई फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

मग प्रश्न आला ट्रामचा! मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार होती. विजेचा प्रवाह वाहिला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे सगळी मोजणी बिघडणार. माझ्या लोखंडी सांगाड्याचंच मोठं रूप म्हणा ना. म्हणून 1904 मध्ये अलिबागला, चुंबकीय सामान टाळून, नवी वेधशाळा उभारली. मूस यांनी 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी सुरू ठेवली, म्हणजे जुने आणि नवे आकडे नीट जुळतील. 1907 मध्ये ट्राम धावली, तेव्हा अलिबाग तयार होतं.

1971 मध्ये यातूनच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जिओमॅग्नेटिझम, म्हणजे आयआयजी, ही स्वायत्त राष्ट्रीय संस्था झाली. ती केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली चालते. मुख्यालय नवीन पनवेलला आहे, आणि तिरुनेलवेली, प्रयागराज, शिलाँग इथंही तिची केंद्रं आहेत.

जुन्या आकड्यांचा आज काय उपयोग?

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रचंड झगमगाट दिसला. साधारण साडेसतरा तासांनी सौर वादळ पृथ्वीवर आदळलं. अनेक देशांत तारयंत्रं बिघडली. कुलाब्यात तेव्हा मोजणी चालू होती, आणि क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद झाली. 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी, त्यात आयआयजीचे गुरबक्ष लखिना होते, या नोंदी नव्यानं तपासून त्या वादळाची ताकद काढली.

आता गंमत बघा. 1,600 नॅनोटेस्ला म्हणजे फक्त 1.6 मायक्रोटेस्ला. खिशातली किल्ली जवळ आणली तरी फोनचा आकडा याहून जास्त हलेल! पण हाच बदल अख्ख्या पृथ्वीवर एकदम झाला की विजेच्या लांब तारांमध्ये नको तो प्रवाह वाहू लागतो. मार्च 1989 मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये अशाच, पण कमी ताकदीच्या वादळात सुमारे 60 लाख लोकांची वीज 9 तास गेली होती. आणि मे 2024 च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांचं गणित बिघडलं. आपल्याकडेही शेतात ड्रोन येत आहेत, म्हणजे ही गोष्ट फक्त शास्त्रज्ञांची राहिलेली नाही.

तुम्ही काय कराल?

1. दिशा बघण्याआधी लोखंड, गाडी आणि विजेच्या तारांपासून दहा पावलं लांब जा.
2. चुंबक असलेलं कव्हर काढा.
3. फोन हवेत इंग्रजी 8 च्या आकारात दोन-तीनदा फिरवा.
4. 'फायफॉक्स' या मोफत अ‍ॅपमध्ये मॅग्नेटोमीटर उघडा. मराठवाड्यात एकूण आकडा 43 च्या आसपास यायला हवा. 60-70 दिसला, तर जवळ काहीतरी लोखंडी आहे.
5. महत्त्वाचं काम असेल, तर सूर्याशी पडताळा घ्या.

आम्ही खड्डे पुन्हा आखले. पंप आता छान चालतो. काका मात्र मला फोन हातात घेतलेला पाहिला की अजून विचारतात, "सांगाड्यापासून लांब हाईस ना?"