ब्रह्मांड : एका शब्दाची कुळकथा

मोठे संकट आले की मराठी माणसाला ब्रह्मांड आठवते. शब्द तोंडी इतका रुळला आहे की त्याची फोड कुणी करत नाही. ब्रह्म आणि अंड. अंडे म्हटले की कवच आले, कवच आले की सीमा आली. विश्वाला अंत आहे का, या प्रश्नाचे एक उत्तर या शब्दातच दडले आहे.

त्याचे मूळ जुने आहे. छांदोग्य उपनिषदात सृष्टीचे अंडे वर्षभर पडून राहते आणि मग फुटते. चांदीच्या शकलाची पृथ्वी होते, सोन्याच्या शकलाचे आकाश.

पुढे गणिती आले आणि त्यांनी आकाशाचा परीघ मोजला. इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिताना भास्कराचार्यांनी तो १,८७,१२,०६,९२० कोटी योजने दिला. काहींच्या मते हाच ब्रह्मांडाचा घेर. भास्कराचार्य मात्र बजावतात : ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसात, प्रत्येक ग्रह एवढे अंतर चालतो, इतकेच आम्ही म्हणतो. आकडा चोख, दावा मात्र हिशेबापुरताच.

सीमेचा हा प्रश्न संतांनीही हाताळला. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये नारायण सूर्याजी ठोसर जन्मले. तेच समर्थ रामदास. लहानपणी ते अंधाऱ्या खोलीत लपून बसले आणि आईने विचारल्यावर ‘विश्वाची चिंता करतो’ म्हणाले, अशी कथा आहे. ‘दासबोधा’त त्यांनी या कवचापलीकडे पाहिले. प्रलयात ब्रह्मांड नाहीसे होते, पंचभूते विरतात, उरते ते ब्रह्म. त्याला आकाशाची उपमा द्यावी, तर आकाशही भूतच. म्हणजे घडले ते सान्त, अंत असलेले. अनंत हे घडलेल्या वस्तूंत शोधायचेच नाही. तरीही या विचाराने त्यांनी संसार तुच्छ ठरवला नाही, तो नीट करायला सांगितला.

विज्ञानात १९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी सान्त पण बिनकाठाचे विश्व मांडले : पृथ्वीच्या पाठीवर कितीही चाला, कड लागत नाही, तसे. आज आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास सुमारे ९३ अब्ज प्रकाशवर्षे मानतात. ही प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्याची मर्यादा आहे, विश्वाचे कवच नव्हे.

घरातल्या लेकराने विचारले, ‘आकाश कुठे संपते?’, तर त्याला गप्प करू नका. ‘दिसते तिथवर मोजले आहे, पुढचे ठाऊक नाही,’ असे सांगा. भास्कराचार्यांनी जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी हाच प्रामाणिकपणा दाखवला होता.