मोठ्या मुलांमधील तापाची आकडी

मोठ्या मुलांमधील तापाची आकडी म्हणजे वयाची सहा वर्षे ओलांडलेल्या मुलास किंवा किशोरवयीनास ताप असताना येणारी आकडी होय. ‘ज्वरजन्य आकडी’ ही वैद्यकीय संज्ञा साधारणतः ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांसाठी वापरली जाते. त्या वयात ती बहुधा निरुपद्रवी असते. काही मिनिटांत थांबते आणि वय वाढते तशी येईनाशी होते. हा पूर्वानुभव असलेले पालक बारा वर्षांच्या मुलाची आकडीही ‘तापामुळेच आली’ असे समजून निर्धास्त राहतात. वस्तुतः या वयात ताप हे आकडीचे पुरेसे स्पष्टीकरण नव्हे. दोहोंच्या मुळाशी एकच गंभीर आजार नाही ना, हे आधी तपासावे लागते.

कारणे

प्रथम शंका घ्यावयाची ती मेंदूच्या किंवा त्याच्या आवरणांच्या संसर्गाची. भारतात जपानी मेंदूज्वर, क्षयरोगामुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह आणि मेंदूचा मलेरिया यांचा विचार करावा लागतो. नागपूर परिसरातील चांदीपुरा येथे १९६५ मध्ये प्रथम आढळलेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू प्रामुख्याने पंधरा वर्षांखालील मुलांना ग्रासतो. सँडफ्लाय या बारीक माशीच्या चाव्यातून तो पसरतो. ताप, आकडी आणि बेशुद्धी हा त्याचा क्रम एक-दोन दिवसांतच पुरा होऊ शकतो, त्यामुळे ‘उद्या दाखवू’ हा विचार घातक ठरतो.

उलट्या-जुलाबांमुळे रक्तातील साखर किंवा सोडियम घटल्यासही आकडी येते. अपस्माराच्या रुग्णाला ताप हे निमित्त पुरते. त्यातच नेहमीची गोळी चुकली किंवा उलटीवाटे पडली, तर धोका वाढतो. मेंदूतील फीतकृमीच्या गाठी हे आकडीचे भारतात वारंवार आढळणारे आणखी एक कारण आहे.

काही कुटुंबांत तापाच्या आकड्या सहाव्या वर्षानंतरही चालू राहतात. ऑस्ट्रेलियातील इंग्रिड शेफर व सॅम्युअल बर्कोविक यांनी १९९७ मध्ये या आनुवंशिक प्रकाराचे वर्णन केले. एकाच घरातील एकाला केवळ तापात, तर दुसऱ्याला ताप नसतानाही आकडी येते. म्हणून नातेवाइकांचा पूर्वेतिहास विचारणे आवश्यक असते. मात्र हे निदान संसर्ग वगळल्यानंतरचे आहे.

मलेरियातील हुडहुडी पुष्कळदा आकडी समजली जाते. हुडहुडीत मूल थरथरते, पण शुद्धीवर असते व हाकेला ओ देते.

तातडीची मदत

आकडी चालू असताना मुलाला जमिनीवर कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. हातपाय दाबून धरू नयेत. दातांत चमचा घालणे, पाणी पाजणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे हे उपाय निरुपयोगी आहेत. पहिल्या दोहोंमुळे तर दात तुटणे किंवा श्वासनलिकेत पाणी जाणे संभवते. आकडी पाच मिनिटांत न थांबल्यास, पुन्हा आल्यास किंवा नंतर मूल शुद्धीवर न आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकातील फवारा आधीच लिहून दिला असेल, तर तो पाच मिनिटांनंतर, सांगितलेल्या मात्रेतच वापरावा.

या वयात आकडी लवकर थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. मान ताठरणे, तीव्र डोकेदुखी, असंबद्ध बोलणे किंवा अंगावर न दबणारे लाल-जांभळे डाग ही लक्षणे असल्यास क्षणाचाही विलंब नको. तेथे प्रथम रक्तातील साखर पाहतात. पुढे गरजेनुसार क्षार, मलेरिया, पाठीच्या मणक्यांतील द्रवाची तपासणी, मेंदूचे एमआरआय व विद्युतआलेख करतात. जिवाणुजन्य संसर्गाची दाट शंका असल्यास अहवालांची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू केली जातात.

पुढील काळजी

पॅरासिटामॉलने तापाचा त्रास कमी होतो, आकडी टळतेच असे नाही. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेनही टाळावे. अपस्माराची गोळी तापात बंद करू नये, आणि ती उलटून पडल्यास डॉक्टरांना विचारावे. कारण निश्चित होईपर्यंत मुलाने विहिरीत वा नदीत पोहणे, उंचावर चढणे आणि वाहन चालवणे टाळावे. या वयातील मुलांना एकट्याने स्नान करायचे असते. न्हाणीघराची कडी आतून न लावणे एवढी तडजोड पुरते.